मला पेट्रोल पाजले

मित्रांनो, मी जुने आहे, इंजिन आहे, आणि तुमच्याकडून माझी कसलीही अपेक्षा नाही. एवढे सुरुवातीलाच सांगून ठेवते, म्हणजे पुढे गैरसमज नको.

मी विमानाचे इंजिन आहे. माणसे बसतात त्या विमानाचे नव्हे, हे ऐकून तुमच्यातल्या काहींनी लगेच तोंड वाकडे केले असेल. खुशाल करा. माझे विमान लाकडाच्या पट्ट्यांचे आणि कागदाचे आहे, पंख पसरले तर जेमतेम एका माणसाच्या उंचीइतके. पण ते खरोखर उडते. तुमच्या खेळण्यांतल्या बॅटरीवरच्या मोटारी मी पाहिल्या आहेत. त्या आवाज करायला लाजतात, धूर काढायला घाबरतात आणि एकदा पाण्यात पडल्या की कायमच्या गप्प बसतात. त्यांना इंजिन म्हणू नका. पंखे म्हणा.

माझा जन्म फ्रुंझे शहरात झाला. त्याला आता बिश्केक म्हणतात. माणसांना आपल्या गावांची नावे बदलायची खोड आहे. तिथे गवत कापायच्या यंत्रांचा एक कारखाना होता. तिथल्या एका टर्नरने पाळी संपल्यावर, माल कारखान्याचा आणि हौस स्वतःची अशा पद्धतीने मला बनवले. ट्रॅक्टरचा एक फुटका पिस्टन वितळवून त्यातून माझे अंग ओतले. ही गोष्ट मी सहसा कोणाला सांगत नाही. तुम्हाला सांगितली, कारण तुम्ही ती विसरून जाल.

माझा आहार मात्र उंची होता. मी मिथेनॉल पीत असे. ते दिसायला पाण्यासारखे आणि वासाला दारूसारखे असते, आणि माणसाच्या पोटात गेले तर विष. त्यात एरंडेल मिसळायचे. होय, तेच एरंडेल. जे प्यायला लागू नये म्हणून तुम्ही पलंगाखाली लपता, ते मी रोज घेत होते आणि कधी कुरकुर केली नाही. माझ्या डोक्यात प्लॅटिनमची एक बारीक तार होती. सुरू करताना बॅटरी लावून ती लाल करायची आणि मग बॅटरी काढून घ्यायची. पुढे मिथेनॉल जळत राही तोवर तार आपली आपण लाल राही. ठिणगी नाही, वायरी नाहीत, डबे नाहीत. इतका साधा आणि स्वच्छ कारभार मी नंतर कुठे पाहिला नाही.

माझी उमेदीची वर्षे तोकमोक गावातल्या मुलांच्या विमान-वर्गात गेली. वर्गाचे मास्तर औषधाच्या दुकानातून एरंडेलाच्या बाटल्या पिशवी भरून आणत, आणि दुकानातली बाई त्यांच्याकडे फार दयेने पाही. स्पर्धा झाल्या. ढाली मिळाल्या. ढाल मास्तरांना, पेढे मुलांना आणि चिंधीने पुसणे मला, अशी वाटणी असे. मुले जॅमने बरबटलेल्या हातांनी मला चाचपत आणि म्हणत, केवढे शक्तिमान आहे. मला त्यांच्या कौतुकाची गरज नव्हती. तरी ती ते करत.

मग देश मोडला, एकाचे अनेक देश झाले, आणि वर्गाच्या खोलीत गालिच्यांचे दुकान आले. कोणीतरी मला खिळ्यांच्या डब्यात टाकले. आतले एरंडेल सुकून सरसासारखे घट्ट झाले आणि पंखा फिरवणारा माझा दांडा जागच्या जागी चिकटला. त्या डब्यात किती वर्षे गेली, मी मोजली नाहीत. खिळ्यांशी बोलण्यासारखे काही नसते. ते टोचतात, आणि त्यांना वाटते आपण संभाषण केले.

एक दिवस बाजारात तुरदुबेक नावाच्या माणसाने तो डबा विकत घेतला. हा गावाबाहेरच्या हवाई तळावर मेकॅनिक होता आणि आता निवृत्त झालेला होता. त्याला खिळे हवे होते. मी त्यांच्यासोबत फुकट आले. हा अपमान मी विसरलेले नाही.

मला मोकळे करायला त्याने काय केले, तर बायको ज्यात मंती, म्हणजे खिम्याचे मोदक, उकडते त्या भांड्यात मला वाफेवर ठेवले. बायको सायरा. ती अंगणातून आली आणि तिने झाकण उचलले.

"हे काय आहे माझ्या भांड्यात?"

"इंजिन."

"ते दिसतंय. किती वेळ उकडायचं? वरून कांदा घालू?"

"वाफेनं आतलं जुनं एरंडेल सुटतं, सायरा. अर्धा तास फक्त."

"छान. मग आज तेच वाढते तुला. चटणी हवी की नुसतं?"

त्या घरात मागच्या खोलीत सायराचा धाकटा भाऊ राहत असे, इशेन. तोही तळावरचाच मेकॅनिक, तुरदुबेकच्या हाताखालचा. त्याचा स्वतःचा संसार व्होडकाने खाल्ला होता, म्हणून तो बहिणीकडे. बहिणीला तो एजे म्हणे, म्हणजे ताई, आणि तुरदुबेकला जेझ्दे, म्हणजे दाजी. माझा दांडा सुटला तेव्हा पहिला गरका त्याने दिला. "अरे, याच्यात दम आहे की," तो म्हणाला. त्याच्या हाताला दारूचा वास होता. माझ्यासारख्या मिथेनॉल पिणाऱ्याने नाक मुरडणे बरे नव्हे, पण मी मुरडले. मी पीत होते कामासाठी. तो कशासाठी पीत होता ते त्यालाही सांगता आले नसते.

रविवारी जुन्या धावपट्टीवर पाच-सहा म्हातारे आपापली विमाने घेऊन जमत. आधी धावपट्टीवरच्या मेंढ्या हाकलायच्या, मग वाऱ्यावरून भांडायचे, मग हातातल्या रिमोटने उडवायचे. प्रत्येकाला वाटे की इंजिनातले फक्त आपल्यालाच कळते. दुसऱ्याचे सुरू झाले नाही की त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद येई, तो स्वतःचे उडाल्यावरही येत नसे.

त्या लोकांत एक रीत आहे. नवी वस्तू घरात आली किंवा जुनी दुरुस्त झाली की ती 'धुवायची'. व्होडकाने. वस्तूवर थेंबभर टाकायची आणि उरलेली घशात. न धुतलेली वस्तू टिकत नाही म्हणे. मी कारखान्यापासून बिनधुतलेले टिकले होते, पण मला कोण विचारतो.

मी दुरुस्त होऊन पहिल्यांदा उडणार होते, त्या रविवारी धुण्याची बाटली पिशवीत नव्हती. सायराने निघताना ती काढून ठेवली होती. तुरदुबेक मेंढ्या हाकलायला गेला. टेबलावर मी होते, आणि शेजारी सोड्याच्या पाण्याच्या एका रिकाम्या बाटलीत भरलेले मिथेनॉल. एरंडेल अजून मिसळायचे होते, म्हणून ते अगदी पाण्यासारखे स्वच्छ दिसत होते. बाटलीवर पाण्याच्या झऱ्याचे चित्र होते.

इशेनने झाकण काढून वास घेतला.

"अरे, हे तर विमानाचं," तो मला म्हणाला. "आम्ही नोकरीभर हेच प्यालो."

तो खोटे बोलत नव्हता. तळावरच्या मोठ्या विमानांत यंत्रे थंड ठेवायला चांगले, पिण्याजोगे स्पिरिट भरत, आणि मेकॅनिक लोक ते गुपचूप काढून पीत. अख्ख्या तळाने ते प्यायले आणि कोणाचे काही बिघडले नाही. तेव्हापासून या माणसांच्या मनात बसले होते की विमानासाठी जे आणले जाते ते दुकानातल्या बाटलीपेक्षा शुद्ध. अशी चूक करायला माणसाने आयुष्य तळावरच काढलेले असावे लागते. दुसरा कोणी निदान विचारतो तरी.

त्याने थरमासच्या झाकणात ओतून घेतले. रीतीप्रमाणे दोन शब्द बोलला. "तू उड. तुझी तार तुटू नये. माझ्या दाजीला अक्कल यावी, आणि माझ्या एजेला यातलं काही कळू नये." थेंबभर माझ्या डोक्यावर टाकले आणि उरलेले तो प्यायला. मग बाटली जशी होती तशी ठेवली.

मला सगळे कळत होते. मी काय करणार होते? मला बोलता येत असते तर मी त्या माणसाशी बोलले असते का, हेही मला ठाऊक नाही.

तुरदुबेक परत आला, त्याने एरंडेल मिसळले आणि मी उडाले. फार चांगले उडाले. सगळ्यांत मोठ्या टाळ्या इशेनच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुरदुबेकने मला अंगणाकडच्या खिडकीत पुसून ठेवले होते. सप्टेंबरची उन्हे होती, सफरचंदे पिकत होती. इशेन खोलीतून भिंतीला धरून बाहेर आला.

"एजे, बर्फ कधी पडलं ग?"

"सप्टेंबरात? झोपेत आहेस का?"

"मग हे सगळं पांढरं कसलं?"

सायराने हातातली परात खाली ठेवली. "इशेन, माझ्याकडे बघ."

"बघतोच आहे. तू बर्फातून बोलतेयस."

तुरदुबेक चहा पीत होता. त्याने काय झाले असे विचारले नाही. त्याने विचारले, "कुठलं प्यालास?"

"विमानाचं," इशेन म्हणाला. "थोडंसं. धुवायला."

तुरदुबेकला इतक्या वेगाने पळताना मी त्याआधी कधी पाहिले नव्हते, नंतरही नाही.

इस्पितळात डॉक्टरांनी इशेनच्या शिरेतून चांगले, पिण्याचे स्पिरिट सोडले, कारण त्या विषाला तेच अडवते. तो बोलू लागला तेव्हा पहिल्यांदा म्हणाला म्हणे, "इतकी वर्षं मी मूर्खासारखा घशातून पीत होतो. इथं तर थेट नळ जोडून देतात." नर्स हसली. सायरा हसली नाही. जीव वाचला. डोळ्यांत कडेकडेचा थोडा उजेड उरला. भिंत कुठे आणि खिडकी कुठे एवढे त्याला कळे. माणसाचा चेहरा कळत नसे.

तो घरी आला त्या दिवशी सायरा अंगणातल्या शेडमध्ये, जिथे मला ठेवत, आली आणि तिने मला हातात घेतले. कालवा घरामागेच आहे.

"हे जाईल, नाहीतर मी भावाला घेऊन जाते," ती नवऱ्याला म्हणाली.

"ती बाटली फेकली मी, सायरा."

"उद्या दुसरी आणशील. त्याशिवाय हे उडत नाही, मला माहीत नाही का?"

दारात इशेन उभा होता. "एजे, ठेव ते खाली."

"तू काय बोलतोयस ते तुला कळतंय?"

"कळतंय. मला आता सिनेमा नाही, पत्ते नाहीत, समोरून कोण आलं तेही नाही. हे वर असलं की मात्र ते कुठं आहे ते मला बोटानं दाखवता येतं. एवढंच आहे माझ्याकडे. बाकी तुझ्या शिव्या आहेत, त्या काय कुठंही ऐकू येतात."

सायराने मला मुठीत तसेच धरून ठेवले.

"आणि दुसरंही सांगतो," तो म्हणाला. "ती बाटली पुन्हा या घरात आली तर मी शोधून काढीन. कुठंही ठेवा. मी स्वतःला ओळखतो. आणि दुसऱ्या खेपेला डॉक्टर काही करू शकणार नाही."

मित्रांनो, प्रश्न असा होता. मला फेकले तर त्या माणसाजवळ काही उरत नव्हते, आणि मला पूर्वीसारखे ठेवले तर तो माणूस उरत नव्हता. तुरदुबेकने दाढी खाजवली. मग म्हणाला, "याला पेट्रोलवर चालवू. पेट्रोल कोणी पीत नाही."

पेट्रोल. जे ट्रक पितात. जे रस्त्याच्या कडेला गवत कापणारी, गळ्यात पट्टा अडकवून हिंडवायची यंत्रे पितात. मला कालव्यात टाकले असते तर निदान मान राहिला असता.

पहिल्या दिवशी त्याने, हुशार मेकॅनिकने, टाकीत नुसते पेट्रोल ओतले आणि जुन्याच तारेवर मला सुरू केले. बॅटरी लावलेली होती तोवर मी चालले. बॅटरी काढली आणि मी बंद पडले. पुन्हा लावली, चालले. काढली, बंद. त्याने मला खूप शिव्या दिल्या. प्लॅटिनमची तार मिथेनॉलवर लाल राहते, पेट्रोलवर राहत नाही, ही साधी गोष्ट समजायला त्याला एक अख्खी दुपार लागली. मी मनातल्या मनात हसत होते.

मग तो इस्खारला घेऊन आला. बाजारात गवत कापायची यंत्रे दुरुस्त करणारा हा दुंगान, म्हणजे मूळच्या चिनी घराण्यातला माणूस. वयाने लहान, तोंडाने मोठा, आणि थोरांना बाइके, म्हणजे दादा, म्हणणारा.

"बाइके, हे म्हणजे आजोबांना नवे दात बसवण्यासारखं आहे," इस्खार मला उलटेसुलटे करत तुरदुबेकला म्हणाला. "बसतील. पण आजोबा चावतील का?"

"तू दात बसव. चावायचं मी बघतो."

त्यांनी माझ्या डोक्यातली तार काढली आणि तिथे ठिणगीचा प्लग बसवला. पंख्यामागच्या चकतीत एक लोहचुंबक पुरला, म्हणजे तो फिरत आला की ठिणगीच्या डब्याला कळेल, आता ठिणगी टाक. डबा, वायरी, बॅटरी, सगळे माझ्या विमानात कोंबले. पेट्रोल मिथेनॉलपेक्षा खूप कमी लागते, म्हणून इंधन आणि हवा ओढायचे माझे जुने नाक त्याला फार मोठे. ते काढून गवत कापायच्या यंत्राचा कार्बुरेटर लावला, आणि तोही मोठाच पडला, म्हणून त्याच्या घशात पितळेची एक कडी बसवली. त्या कार्बुरेटरला आतल्या दाबाचा हिसका लागतो, म्हणून ड्रिल घेऊन माझ्या पोटाला भोक पाडले. मिथेनॉल मला आतून थंड ठेवी. पेट्रोल भाजते. म्हणून डोक्याखाली आणखी एक पातळ पत्रा घालून माझा दाब उतरवला. थोडक्यात, मला वाकवले, भोसकले, दुबळे केले आणि वर म्हणाले, सुधारले.

इशेन रोज शेडमध्ये येऊन बसे. त्याला स्क्रूच्या वाट्या धरायला देत. तो बोटांनी प्रत्येक स्क्रू ओळखून वेगवेगळ्या वाटीत टाके आणि इस्खारची चेष्टा करी.

"काय रे, ठिणगी पडते का?"

"पडते ना, इशेन बाइके. निळी."

"मला कुठली दिसायला. तू बोट लावून सांग, खरी आहे का."

इस्खारने खरेच बोट लावले आणि उडी मारली. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कोणी हसले.

ऑक्टोबरात मला धावपट्टीवर नेले. मी सुरू झाले आणि वर गेले. इशेन खाली बोट वर करून उभा होता आणि ते बोट माझ्यामागून फिरत होते. आवाज पोहोचायला वेळ लागतो, म्हणून ते नेहमी माझ्या जरासे मागे असे. मी वळले की ते वळे. एका फेरीत मी मध्येच आचके दिले आणि गप्प झाले. बोट थांबले. मी बिटाच्या शेतात जाऊन पडले. डावा पंख गेला.

कारण माझ्यात नव्हते. टाकीच्या आत पेट्रोल ओढायची एक मऊ नळी असते. जुनी नळी मिथेनॉलला चालणारी होती. तुरदुबेकने बाहेरच्या नळ्या बदलल्या आणि आतली ठेवली, कारण ती 'अजून चांगली' होती. तळावर चांगली नळी फेकणाऱ्याला ओरडा बसत असे, म्हणून. पेट्रोलात ती फुगली, जळवेसारखी झाली आणि गळून पडली. पेट्रोल टाकीत, मी उपाशी.

"जेझ्दे, तळावर तुम्हीच मला सांगायचात, आत काय आहे ते बघितल्याशिवाय झाकण लावू नकोस," इशेन म्हणाला.

"गप रे."

त्या दिवसानंतर तुरदुबेकचा माझ्यावरचा विश्वास उडाला. माझा त्याच्यावर कधी नव्हताच. पण त्याने त्यापुढे जे केले ते मी माणसांच्या खात्यावर कायमचे लिहून ठेवले आहे. तो बाजारातून मिथेनॉलची एक बरणी घेऊन आला आणि शेडमध्ये रंगाच्या डब्यांमागे लपवली. जुनी तारही चिंधीत बांधून तिच्यापाशी ठेवली. पेट्रोलवर नाहीच चालले तर एखादा रविवार गुपचूप जुन्यावर उडवू, असा त्याचा हिशोब. घरात बायको, मागच्या खोलीत मेहुणा, आणि हा हिशोब. मी फळीवरून पाहत होते.

तीन दिवसांनी की चार, तुरदुबेक आणि इस्खार टाकीची नळी आणायला बिश्केकला गेले. दुपारी इशेन एकटा शेडमध्ये आला. नव्या पंखाला रंग दिलेला ब्रश धुवायचा होता त्याला. रंगाच्या डब्यांमागे टर्पेंटाइन असते. त्याने हात घातला.

बरणी त्याने बाहेर काढली तेव्हाच तो थांबला. काचेची, जड, आत काहीतरी पाण्यासारखे हलणारे. त्याने झाकण फिरवले आणि नाकाजवळ नेली.

"तूच ना?" तो हळूच म्हणाला.

बाकावर चहाचा वाडगा होता. त्याने त्यात ओतले. बोट आत धरून ओतले, आंधळी माणसे ओततात तसे, काठोकाठ. वाडगा दोन्ही हातांत धरून तो माझ्यासमोर बसला.

मित्रांनो, मी या माणसाला कधी मान दिला नव्हता. पण त्या दुपारी मला पहिल्यांदा वाटले की मला आवाज असावा. पंख्याचा, धुराचा, कसलाही. मी फळीवरचे एक थंड धातूचे ढेकूळ होते.

त्याने वाडगा गुडघ्यांवर टेकवला. मग एकदम मोठ्याने ओरडला, "एजे!"

सायरा पिठाचे हात घेऊन धावत आली.

"हे घे," तो म्हणाला. "लवकर घे. माझ्या हातातून घे, मला सोडता येत नाही."

तिने वाडगा धरला. त्याची बोटे एकेक करून सोडवावी लागली. वाडगा भरलेलाच होता. तिने त्याचा वास घेतला, बरणी पाहिली, चिंधीतली तार पाहिली. रडली नाही, ओरडली नाही. सगळे घेऊन बाहेर गेली, कुदळीने कोपऱ्यात खड्डा केला आणि ओतून वर माती लोटली. मग परत येऊन भावाशेजारी बाकावर बसली. त्याच्या बाहीला तिच्या हातांचे पीठ लागले.

संध्याकाळी तुरदुबेक आला तेव्हा ती अजून तिथेच होती. बाकावर ती रिकामी बरणी आणि तारेची चिंधी ठेवलेली होती.

"सायरा, ते मी फक्त..."

"तू फक्त. त्यानंही तेव्हा फक्त थोडंसं घेतलं होतं."

त्याला बसायला जागा नव्हती. तो उभा राहिला.

"आज तो मेला असता," ती म्हणाली. "मी कणीक मळत असते आणि तो इथं मेला असता. आणि तू नळी घेऊन आला असतास."

"एजे, पुरे," इशेन म्हणाला. "मी हाक मारली ना."

"तू मारलीस. यानं नाही."

तुरदुबेकने चिंधी उघडली. माझी तार, जिच्यावर मी जन्मापासून चालले होते, तिचे छोटे पितळी टोपण हातात घेतले, ऐरणीवर ठेवले आणि हातोडा मारला. एकदा मारून थांबला नाही. ती सपाट होऊन चुरा होईपर्यंत मारत राहिला. आता परत फिरायला वाट नव्हती, त्याला नाही आणि मला तर नाहीच. पेट्रोलवर चालले तर इंजिन, नाहीतर खिळ्यांचा डबा.

"हं," सायरा म्हणाली. "आता नळी लाव." आणि ती पोळ्या लाटायला गेली.

पुढच्या रविवारी थंडी होती. धावपट्टीवर म्हाताऱ्यांनी मला पाहून तोंडे फिरवली. एक जण म्हणाला, "तुरदुबेक, चहाचं पाणी तापवायला आणलंस का ते?" सायराही आली होती, पहिल्यांदाच. हात बाहीत खुपसून लांब उभी होती. तुरदुबेकने पंखा फिरवला. काही नाही. पुन्हा फिरवला. काही नाही. तो कार्बुरेटरला बोट लावून गरके देत राहिला आणि मी थंडगार.

इशेन चाचपडत आला आणि त्याने दोन्ही तळहात माझ्या अंगाभोवती धरले. बराच वेळ धरून बसला, थंडीत पिल्लाला धरतात तसे. त्याच्या हातांना आता रंगाचा आणि साबणाचा वास येत होता. मग म्हणाला, "फिरवा आता, जेझ्दे."

मी सुरू झाले. मला व्हायचे नव्हते असे नाही. पण कोणी इतका वेळ धरून बसल्यावर न होणे म्हणजे निव्वळ हट्ट झाला असता, आणि हट्टी मला कोणी म्हणू नये.

मी वर गेले. आवाज माझा राहिला नव्हता. जाड झाला होता, खरखरीत.

"ट्रॅक्टर," इशेन ओरडला. "एजे, ऐक, अगदी ट्रॅक्टर." आणि त्याचे बोट वर होते, माझ्या जरासे मागे. सायरा त्याच्याजवळ येऊन उभी राहिली आणि त्या बोटाच्या दिशेने पाहू लागली. टाकी संपेपर्यंत मी फिरले, आणि चाकांवर उतरले.

त्याला आता काही वर्षे झाली. मी पेट्रोलच पिते. अजून मला ते आवडत नाही. अजून ट्रक पाहिला की मला शरम वाटते. इशेनही पीत नाही. त्यालाही पाणी आवडत नाही म्हणतो, पण पितो.

मित्रांनो, अशा कहाण्यांच्या शेवटी माझ्यासारख्या वस्तू गळा काढतात, की आम्हाला तेल लावा, आमची धूळ झटका, आम्हाला विसरू नका. मला तसले काही नको. मी धातू आहे. विसरलात तर पडून राहीन, त्याने माझे काही जात नाही. तुमच्या प्रेमाशिवाय मी खिळ्यांत वर्षे काढली आहेत.

सांगायचे ते दुसरेच आहे. पाण्याच्या बाटलीत पाण्याशिवाय काही भरू नका. सायरा आता विषारी वस्तूच्या प्रत्येक बाटलीच्या गळ्याला चिंधीची गाठ बांधते, म्हणजे अंधारातही बोटांना कळते. तुमच्या घरी कोणी बांधत नसेल तर तुम्ही बांधा. एवढे तुम्हाला जमावे.

आणि आणखी एक. इशेन रोज सकाळी घरातून शेडपर्यंत येतो. भिंत आहे तोवर भिंतीला हात लावून, आणि पुढे जर्दाळूच्या झाडापर्यंत हात मोकळे सोडून. तेवढ्या रिकाम्या जागेत तुरदुबेक बादली ठेवून जातो आणि शेजारची पोरे सायकली आडव्या टाकतात. मी फळीवरून पाहते. तो पडतो, गुडघा चोळतो, हसतो आणि पुन्हा चालू लागतो. मला हात नाहीत. तुम्हाला दोन-दोन आहेत आणि तुम्ही ते खिशात घालून फिरता. तुमच्याही गल्लीत असे चालणारे कोणीतरी असेल. निदान सायकल तरी उचलून भिंतीला लावा.